पाण्यावरच्या कमाईतून पाण्याची राखण

खान्देशातले पर्यटन जवळजवळ सगळेच पाण्याकाठचे आहे, आणि याकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही. तापी-पूर्णेच्या संगमावरचे चांगदेव, तापी-गोमाईच्या संगमावरचे प्रकाशा, तापी-पांझरेच्या संगमावरचे मुडावद, दत्तजयंतीला सारंगखेड्यात तापीकाठी भरणारा घोडेबाजार, सातपुड्यातला मनुदेवीचा धबधबा, तोरणमाळचा यशवंत तलाव, अडावदजवळच्या उनपदेवचा गरम पाण्याचा झरा, पाटणादेवीच्या डोंगरातून उतरणारे ओढे, हिवाळी पाहुण्या पक्ष्यांसाठी ओळखले जाणारे हतनूरचे जलाशय आणि जळगावकरांचा रोजच्या फिरण्याचा मेहरूण तलाव ही नावे नुसती वाचली तरी हे ध्यानात येते. या प्रत्येक ठिकाणी नारळ-प्रसाद विकणाऱ्यापासून नावाड्यापर्यंत आणि भरीत-भाकरीचा स्टॉल लावणाऱ्या बचत गटापासून तंबूंची वसाहत उभारणाऱ्या कंत्राटदारापर्यंत अनेकांची चूल त्या पाण्यामुळे पेटते. त्या पाण्याच्या राखणीची जबाबदारी मात्र यांपैकी कोणाच्याही नावावर नाही. ती ग्रामपंचायतीची आहे, जलसंपदा विभागाची आहे, वन विभागाची आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळाची आहे असे प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवून सांगतो, आणि यात्रा संपल्यावर घाटावर उरलेला कचरा उचलायला एखाद्या महाविद्यालयाची राष्ट्रीय सेवा योजनेची मुले येतात.

माझे म्हणणे असे आहे, की ज्यांची मिळकत एखाद्या पाण्यावर उभी आहे त्यांच्याकडे त्या पाण्याची राखण लेखी अटींनी सोपवली जावी, तिचा खर्च त्याच मिळकतीतून निघावा, आणि प्रत्यक्ष राखण करणाऱ्याला त्याचा मोबदला मिळावा. स्वयंसेवकांनी या व्यवस्थेला हातभार लावावा. पण व्यवस्थाच नाही म्हणून तिची जागा भरून काढण्याचे ओझे त्यांच्यावर टाकू नये.

स्वयंसेवकांविषयी माझ्या मनात आदरच आहे. सुटीच्या दिवशी पहाटे उठून परक्यांनी टाकलेल्या बाटल्या आणि निर्माल्य उचलणारी तरुण मुले ज्या समाजात आहेत, त्या समाजाबद्दल निराश होण्याचे कारण नाही. परंतु आपल्या नद्यांचे खरे दुखणे हातमोजे घालून उचलता येईल अशा वस्तूंमध्ये नाही. भुसावळ तापीकाठी, धुळे पांझरेकाठी, अमळनेर बोरीकाठी वसले आहे. गिरणा तर जळगाव जिल्ह्यात शिरण्याआधीच मालेगावहून आलेली असते. या आणि अशा सगळ्या शहरांचे पुरती प्रक्रिया न झालेले सांडपाणी, वाळूचा बेसुमार उपसा आणि धरणे-बंधाऱ्यांमुळे उन्हाळ्यात जवळजवळ थांबलेला प्रवाह, ही तीन दुखणी एकमेकांना वाढवतात. वाहत्या, वाळूतून गाळल्या जाणाऱ्या पाण्याला काही प्रमाणात स्वतःची शुद्धी करता येते. वाळू गेली आणि वाहणे थांबले, की तेवढेच सांडपाणी नदीला कितीतरी जड जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे जाहीर केले, त्यांतले ५३ एकट्या महाराष्ट्रात होते, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. आणि तापी व गिरणा या दोन्ही नद्या त्या यादीत होत्या. या दुखण्यावर झाडू चालत नाही. त्यासाठी रोजची नजर, नोंद आणि त्या नोंदीच्या बळावर संबंधित यंत्रणेला जाब विचारण्याचा अधिकार लागतो, आणि ही नजर ज्याच्यापाशी आधीपासूनच आहे तो माणूस म्हणजे रोज त्या पाण्यात नाव घालणारा, जाळे टाकणारा किंवा त्याच्या काठावर दुकान मांडणारा.

हा विचार समुद्रातल्या प्रवाळांच्या बाबतीत जगात बराच पुढे गेला आहे, म्हणून खान्देशासारख्या समुद्र नसलेल्या मुलखानेही तिकडे पाहावे असे मला वाटते. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगत सुमारे २३०० किलोमीटर पसरलेल्या ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळभिंतीसाठी १९७५ मध्ये स्वतंत्र कायदा होऊन प्राधिकरण स्थापन झाले, आणि १९८१ मध्ये तिला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. तिथे पर्यटकांना बोटीने नेणाऱ्या व्यावसायिकांना परवाना लागतो, आणि १९९३ पासून प्रत्येक पर्यटकामागे रोजचे ठरावीक पर्यावरण व्यवस्थापन शुल्क त्यांच्यामार्फत प्राधिकरणाकडे जमा होते. पण मला शुल्कापेक्षाही महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. एवढ्या अफाट क्षेत्रावर शास्त्रज्ञांना रोज फिरणे शक्य नाही. बोटवाले मात्र त्याच त्याच जागी जवळजवळ रोज जातात. ही गोष्ट हेरून प्राधिकरणाने ‘आय ऑन द रीफ’ या उपक्रमात बोटींवरच्या कर्मचाऱ्यांना आणि हौशी पाणबुड्यांना प्रशिक्षण दिले, आणि प्रवाळांचा रंग, माशांची उपस्थिती, रोगाची चिन्हे, मोडतोड यांच्या नोंदी ठरलेल्या नमुन्यात करायला शिकवले. प्रवाळ खाऊन टाकणाऱ्या काटेरी तारामाशांचा उपद्रव वाढला, तेव्हा त्यांना एकेक शोधून टोचणी देण्याच्या कामातही पर्यटन व्यावसायिकांच्या संघटनेने पाणबुडे पुरवले. हे काम सरकारी पैशाने झाले, म्हणजे राखण करणाऱ्याला वेतन मिळाले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

या व्यवस्थेची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. प्रवाळ हा प्राणी आहे, आणि त्याच्या शरीरात राहणारे सूक्ष्म शैवाल त्याला बहुतेक अन्न आणि रंग देते. पाणी बराच काळ नेहमीपेक्षा जास्त तापलेले राहिले, की हे शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो. उष्णता लवकर उतरली नाही तर तो मरतो. १९९८ आणि २००२ नंतर २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ या वर्षी त्या प्रवाळभिंतीवर असे मोठ्या प्रमाणावर घडले. कोणत्याही बोटवाल्याने कितीही निष्ठेने राखण केली असती, तरी समुद्राचे तापमान त्याच्या हातात नव्हते. मग त्या नोंदींचा उपयोग काय, असा प्रश्न कोणी विचारील. उपयोग असा, की प्रवाळ कुठे, कधी आणि किती पांढरे पडले हे विमानातून केलेल्या पाहणीच्या जोडीला पाण्याखालून पाहणाऱ्या शेकडो डोळ्यांनी सांगितले, त्यामुळे नाकारण्याची जागा उरली नाही. कारण दूरचे असले तरी पुरावा जवळच्यानेच गोळा करावा लागतो. मालेगावचे किंवा भुसावळचे सांडपाणी थांबवणे हे खालच्या गावातल्या नावाड्याच्या हातात नाही, ते आले त्याची तारीखवार नोंद ठेवणे मात्र त्याच्याच हातात आहे.

कॅरिबियन समुद्रातल्या बोनेअर या लहानशा बेटाने १९७९ मध्ये भोवतीच्या पाण्याचे सागरी उद्यान केले, आणि १९९२ पासून पाणबुड्यांकडून प्रवेशशुल्क घेऊन त्यातून ते चालवले. शिवाय नव्याने आलेल्या प्रत्येक पाणबुड्याला आधी नियम समजावून सांगितल्याशिवाय खोल पाण्यात जाऊ दिले जात नाही. आपल्याकडे मालवणच्या समुद्राला १९८७ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, पण प्रवाळांवर पडणारे बोटींचे नांगर आणि पर्यटकांचे पाय हा प्रश्न केवळ दर्जा मिळाल्याने सुटत नाही, तो बोटवाल्याला सोबत घेऊनच सोडवावा लागतो. याउलट रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये सुरू केलेल्या कासवसंवर्धनाला पुढे घरगुती निवासाच्या पर्यटनाची जोड मिळाली, आणि जिथे अंडी उकरून नेली जात होती तिथे पिल्ले समुद्रात जाताना पाहायला आलेल्या लोकांना गावकरी घरात जेवू घालू लागले. त्या गावात कासव वाचवणे आणि पोट भरणे ही दोन वेगळी कामे राहिली नाहीत.

आता कोणी म्हणेल, की तिकडचा पर्यटक पैसेवाला, हौशी. आपल्याकडे येतो तो भाविक. प्रकाशाला अस्थिविसर्जनासाठी आलेल्या, श्रावणात कानबाई देवी शिरवायला, म्हणजे विसर्जित करायला, नदीवर निघालेल्या किंवा महाशिवरात्रीला मुक्ताई-चांगदेवाच्या यात्रेला पायी आलेल्या माणसाकडून शुल्क मागायचे काय? नाही, मुळीच मागायचे नाही. नदीत उतरण्याचा, स्नानाचा, विधी करण्याचा हक्क पैशाशी बांधला, तर त्या क्षणी लोक या कल्पनेच्या विरोधात उभे राहतील, आणि ते बरोबर असेल. शुल्क द्यायचे ते व्यवसायाने: वाहनतळाचा ठेका, घाटावरच्या जागांचे भाडे, तंबू आणि निवासाचे आरक्षण, नौकाविहाराचे तिकीट, पाळण्यांचे कंत्राट. यात्रेच्या काळात हे पैसे आजही कुणी ना कुणी गोळा करतेच. ते कुठे जातात एवढाच प्रश्न आहे. त्यातला ठरलेला वाटा त्या घाटाच्या, त्या तलावाच्या स्वतंत्र खात्यावर यावा आणि त्याच पाण्यासाठी खर्च व्हावा, एवढीच मागणी आहे.

आणि ही कल्पना आपल्याला ऑस्ट्रेलियाकडून उसनी आणण्याची गरजही नाही. पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांच्या खोऱ्यांत शतकानुशतके चालत आलेली फड पद्धत हे तिचे आपल्या मातीतले रूप आहे. नदीवर दगडी बंधारा घालायचा, त्यातून पाट काढायचा, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडायचे, आणि एका फडात त्या वर्षी एकच पीक घ्यायचे, अशी ती रचना होती. कोणत्या फडात ऊस, कोणत्यात भुसार आणि कोणता फड पडीक ठेवायचा हे बंधाऱ्यातल्या पाण्याचा अंदाज घेऊन सगळे लाभधारक एकत्र बसून ठरवत. शेतकऱ्यांच्या जमिनी वेगवेगळ्या फडांत विखुरलेल्या असल्यामुळे पाणी कमी पडले तर ती झळ एकाच्याच वाट्याला येत नसे. पाट साफ करण्याचे काम लाभधारकांनी आपापल्या जमिनीच्या प्रमाणात करायचे. पाणी वळवण्यासाठी पाटकरी, त्यांच्यावर देखरेखीला हवालदार आणि पिकाची राखण करायला जागल्या नेमलेला असे, आणि त्यांचा मोबदला पिकातून दिला जाई.

या रचनेत मला सगळ्यात मोलाचे वाटते ते हे, की तिने राखणीला कुणाच्या चांगुलपणावर सोडले नाही. जागल्या रात्रभर जागायचा, ते त्याचे काम होते आणि त्याचे धान्य ठरलेले होते. लाभधारकही पाटातला गाळ काढायला यायचा, कारण तो आला नाही तर त्याच्या पाण्यावर त्याचा हक्क सांगणे त्याला जड जायचे. कर्तव्य आणि लाभ यांची गाठ इतकी पक्की बांधलेली होती, की तिच्यासाठी वेगळ्या जनजागृतीची गरज नव्हती. आज आपण नदीच्या राखणीबद्दल बोलताना सतत भावनेला हात घालतो, नदीला माय म्हणतो, शपथा घेतो. भावना खरी आहे, माझीही आहे. परंतु भावनेने बारा महिने रोजचे काम होत नाही, आणि ज्याला ते करायचे आहे त्याच्या घरीही दाणा लागतो.

फड पद्धतीला निर्दोष ठरवण्याचाही मोह टाळला पाहिजे. ती जमीन असलेल्यांची संस्था होती. पाण्यावर जगणारे कोळी आणि भोई, जमीन नसलेले मजूर, आणि नदीवर सगळ्यात जास्त वेळ घालवणाऱ्या स्त्रिया यांना पिके ठरवणाऱ्या त्या बैठकीत जागा नव्हती. पुढे वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी आणि मोटारी आल्या, ज्याला त्याला स्वतःचे पीक स्वतः ठरवावेसे वाटू लागले, आणि फड मोडत गेले. काही बंधारे मात्र आजही उभे आहेत. मोडलेली व्यवस्था जशीच्या तशी परत आणता येत नाही, आणि आणूही नये. पण पाण्याकाठच्या पर्यटनाची नवी घडी बसवायची असेल, तर फड पद्धतीतले तत्त्व घ्यावे आणि तिच्यातून जे वगळले गेले त्यांना पहिल्या ओळीत बसवावे.

चांगदेवचेच उदाहरण घेऊ. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावून सुरतेजवळ समुद्राला मिळेपर्यंत तापी ७२४ किलोमीटर वाहते, आणि तिच्या या प्रवासात पूर्णेशी होणारी भेट ही फार मोठी घटना आहे. हतनूर धरणाचा फुगवटा या परिसरात पसरतो. धरणाला ४१ दरवाजे आहेत; पावसाळ्यात ते उघडल्याची बातमी सगळा जिल्हा ऐकतो, पण उरलेल्या महिन्यांत त्या साठलेल्या पाण्याचे काय चालले आहे याची बातमी कुठेच येत नाही. इथे मासेमारी करणारे आहेत, भाविकांना संगमावर फिरवणारे नावाडी आहेत, हिवाळ्यात दुर्बिणी घेऊन येणारे पक्षीनिरीक्षक आहेत, आणि पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखालील चांगदेवाचे मंदिर पाहायला येणारे लोक आहेत. नावाड्यांपैकी काहींना वर्षभरासाठी पाण्याचे राखणदार म्हणून नेमावे, त्यांना दरमहा मानधन द्यावे, आणि एक साधी वही द्यावी. तिच्यात पाण्याची पातळी, रंग, वास, फेस, जलपर्णीचा विस्तार, मेलेले मासे, नव्याने दिसलेली गटाराची धार, वाळूच्या गाड्यांची वर्दळ आणि पक्ष्यांचे थवे यांची तारीखवार नोंद व्हावी. पक्षीनिरीक्षक आणि महाविद्यालयांचे रसायनशास्त्र विभाग यांनी त्यांना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन आणि सामू (पीएच) मोजायला शिकवावे. हे काम साध्या संचाने होते आणि त्याला पदवी लागत नाही. स्वयंसेवकांची खरी जागा मला इथे दिसते. वर्षातून एकदा कचरा उचलण्यापेक्षा राखणदाराच्या नोंदी महिन्यातून एकदा तपासणे, त्यांचे आलेख करणे आणि अर्ज लिहायला मदत करणे हे काम कमी छायाचित्रांचे आहे, पण त्याचा परिणाम टिकतो.

स्नानाच्या पाण्यासाठी केंद्रीय मंडळाचे निकष ठरलेले आहेत: विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिलिग्रॅम असावा, आणि सेंद्रिय घाणीचे मोजमाप असलेली जैवरासायनिक ऑक्सिजनची मागणी ३ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. शेकडो लोक पर्वणीला ज्या घाटावर डुबकी मारतात, पाणी तोंडात घेतात, लहान मुलांना उतरवतात, त्या घाटावर हे दोन आकडे आणि त्यांच्याशेजारी शेवटच्या मोजणीचे दोन आकडे लिहिलेला फलक असू नये, याला काहीही समर्थन नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळ ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या दिवशी नमुने घेते, आणि ते उपयुक्तच आहे. पण एखाद्या पहाटे वरून काळे पाणी येते आणि दुपारपर्यंत निघून जाते, ते अशा नमुन्यात सापडत नाही. ते पाहतो नावाडी, आणि आज त्याचे पाहणे त्याच्यापाशीच राहते.

या सगळ्यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा आहे, की लोकांनीच राखण सुरू केली तर शासन आपली जबाबदारी झटकायला मोकळे होईल. हा आक्षेप मी हलका मानत नाही. आपल्या राज्यात लोकसहभाग या शब्दाच्या आड बरेच काही झाकले गेले आहे. जल प्रदूषण प्रतिबंध आणि नियंत्रणाचा कायदा १९७४ सालचा आहे. सांडपाण्यावर प्रक्रिया करणे हे नगरपालिकांचे आणि महापालिकांचे कर्तव्य आहे, आणि ते अर्धशतकानंतरही अपुरे आहे. म्हणून पाण्याच्या या खात्यातला एकही रुपया सांडपाणी प्रक्रियेवर, गाळ काढण्यावर किंवा सरकारी घाटबांधणीवर खर्च होता कामा नये, अशी अट पहिल्याच पानावर असावी. तो पैसा राखणदाराच्या मानधनासाठी, मोजणीच्या साधनांसाठी, स्थानिक कचऱ्यासाठी आणि गरज पडली तर राष्ट्रीय हरित लवादापुढे दाद मागण्यासाठी आहे. असे झाले तर लोकांची राखण ही शासनाची पळवाट ठरणार नाही, कारण तारीखवार नोंद असलेल्या तक्रारीला ‘असे काही आढळले नाही’ एवढे उत्तर पुरत नाही.

दुसरा आक्षेप पर्यटन व्यवसायावरच्या अविश्वासाचा आहे, आणि तोही साधार आहे. धबधब्याच्या डोहात प्लास्टिक कोण टाकते? डोंगरमाथ्याच्या तलावाकाठी निवास बांधून त्याचे सांडपाणी त्याच तलावाच्या उताराला कोण सोडते? सारंगखेड्याच्या यात्रेत हजारो माणसे आणि जनावरे काही दिवस नदीकाठी राहतात. त्यांची घाण कुठे जाते, हे यात्रेच्या प्रसिद्धीपत्रकात कधी नसते. ज्याच्यापासून पाणी वाचवायचे त्याच्याच हाती राखण देणे धोक्याचे आहे, हे मला मान्य आहे. म्हणूनच राखण आणि परवाना या दोन गोष्टी वेगळ्या हातांत असाव्यात. राखणीची वही नावाड्याकडे आणि बचत गटाकडे, पण परवाना देण्या-काढण्याचा निर्णय ग्रामसभेकडे. खात्याचा जमाखर्च दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जेव्हा आपल्याकडे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या सालदारांचे जुने करार संपून नवे होतात, तेव्हा भर सभेत वाचून दाखवला जावा. जैवविविधता कायद्याखाली ग्रामपंचायतीत व्यवस्थापन समिती असणे बंधनकारक आहे, पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी क्षेत्रात ग्रामसभेला विशेष अधिकार आहेत, सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांना आपल्या जंगलाच्या व्यवस्थापनाचा हक्क आहे. म्हणजे कायद्याचा आधार शोधायला फार दूर जावे लागत नाही.

गाव स्वतःवर नियम घालू शकते याचा पुरावाही आपल्याच मुलखात आहे. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने उजाड झालेले डोंगर स्वतःचे नियम, स्वतःचा दंड आणि स्वतःची राखण यांच्या बळावर पुन्हा जंगलाने झाकले, आणि ज्या गावाला एके काळी पाण्यासाठी वणवण करावी लागे ते आसपासच्या गावांना पाणी देण्याइतके सावरले. २०२५ मध्ये पवार यांना पद्मश्री मिळाली. तिथे दरवर्षी होणारी रानभाज्यांची स्पर्धा पाहायला बाहेरून लोक येतात. क्रम लक्षात घ्यावा: आधी राखण झाली, मग जंगल आणि पाणी आले, आणि पाहुणे त्यानंतर आले. आपल्या बहुतेक पर्यटनस्थळांच्या विकास आराखड्यात हा क्रम उलटा असतो. रस्ता, कमान, उपाहारगृह आणि शोभेची रोषणाई आधी, आणि पाण्याचा विचार झालाच तर शेवटी.

हा क्रम अजून बिघडलेला नाही अशी एक मोठी जागा खान्देशात शिल्लक आहे, आणि तिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. सरदार सरोवराच्या फुगवट्याने अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली नर्मदाकाठची ३३ गावे बाधित झाली. सातपुड्याच्या उभ्या कड्यांमधून पसरलेले ते पाणी दिसायला विलक्षण सुंदर आहे, आणि आज ना उद्या तिथे जलपर्यटनाचे मोठे प्रकल्प येणारच. त्या पाण्याखाली ज्यांची शेते, घरे आणि देवस्थाने गेली, त्यांना त्याच पाण्यावर बाहेरच्या कंपनीच्या बोटीत मजूर म्हणून ठेवले, तर तो दुसरा अन्याय ठरेल. नौकेचा पहिला परवाना प्रकल्पबाधितांच्या सहकारी संस्थांना मिळावा, मासेमारीच्या जागा पर्यटनाच्या मार्गातून वगळल्या जाव्यात, इंजिनातल्या तेलाच्या गळतीपासून प्रवाशांच्या शौचालयापर्यंतच्या अटी आधी ठराव्यात, आणि राखणदाराचे मानधन तिकिटाच्या दरात पहिल्या दिवसापासून धरले जावे. मणिबेलीपासून वरच्या पाड्यांपर्यंत या अटींचा मसुदा पावरी आणि भिली बोलीत वाचला गेला पाहिजे, त्यावर ग्रामसभांनी हरकती घेतल्या पाहिजेत, आणि हे सगळे एकाही बोटीचा करार होण्यापूर्वी व्हायला हवे. कारण गुंतवणूक झाल्यावर आणि लोक कामाला लागल्यावर अट घालणाऱ्या गावालाच रोजगाराचा शत्रू ठरवले जाते.